लाल बादलीतली वळवळ

“हीपण कोरडी!” ढब्बूने कुंडीखालची बशी दाणकन आपटली.

“हळू! फुटली तर माळीकाका आपल्यालाच कुंडीत लावतील,” कप्तान म्हणाली. पण हसलं कुणीच नाही. टोळीची ही म्होरकी स्वतःही हसली नाही.

सुट्टीचा सगळा विचका झाला होता. चौघांपैकी भिंग डेंग्यूने दवाखान्यात होती. खिशात भिंग घेऊन मुंग्यांमागे फिरायची, म्हणून ते नाव. इमारतीत आणखी पाच जण तापाने फणफणले होते. डास भरदिवसा चावत होते आणि पैदास कुठे होतेय तेच कळत नव्हतं. टाक्या, टायर, कूलर, सगळं पालथं घालून झालं होतं!

तेवढ्यात टोळीतला तिसरा, भिंगचा दादा, तिची वही घेऊन धावत आला. “हे वाचा!”

‘तिसरा मजला. आगीची लाल बादली. पाण्यात वळवळ. डासांच्या अळ्या! सेक्रेटरीकाकांना सांगितलं. ते म्हणाले, हात लावायचा नाही.’

तारीख बारा दिवसांपूर्वीची होती.

“मलाही दाखवत होती,” दादा पुटपुटला. “मी म्हटलं, डोकं खाऊ नकोस.”

खरं तर त्या बादल्यांत वाळू असायची. मांजरं ती घाण करतात म्हणून सेक्रेटरीकाकांनी सगळ्या मजल्यांवरच्या बादल्यांत पाणी भरलं आणि वर स्वतः रंगवलं, ‘हात लावू नये’. मग काय, झाडूवाल्या मावशीही त्यांना वळसा घालून जायच्या!

तिघं काकांकडे गेले. काका कडाडले, “नसती उठाठेव! आग लागली तर फुंकर मारून विझवणार का? आणि संध्याकाळी धूरवाला येतोय ना डास मारायला!”

धूरवाला! ढब्बूने कप्तानकडे पाहिलं.

संध्याकाळी यंत्र घरघरलं आणि जिन्यात पांढरा धूर भरला.

“आग! आग! काका, धावा!” तिघं ओरडले.

गडबडीत धूरवाल्याला विसरून काका बनियनवरच बाहेर आले. समोरची बादली उचलली आणि भस्सकन जिन्यावर ओतली! धूर विरला, तेव्हा पांढऱ्या फरशीवर शेकडो अळ्या वळवळत होत्या. दारादारांतून माणसं बघत राहिली.

“धुराने उडणारे डास मरतात, काका,” कप्तान म्हणाली. “या अळ्या चार दिवसांत डास होऊन उडाल्या असत्या.”

त्याच संध्याकाळी सगळ्या बादल्या रिकाम्या झाल्या. कडेला चिकटलेली अंडी जावीत म्हणून मावशींनी त्या आतून खसाखसा घासल्या. वाळू भरली, झाकणं बसली. हळूहळू नवे रुग्ण सापडणं थांबलं.

पण त्यानंतर चौथ्या दिवशी भिंग दवाखान्यातच वारली. तिघांनी एवढं करूनही तिच्यासाठी काहीच झालं नव्हतं.

महिन्याने सभा भरली. “शाब्बास! या पोरांनी इमारत वाचवली!” काका म्हणाले. टाळ्या पडल्या. दादा उठला, पण शाबासकी घ्यायला नाही. त्याने वही काकांपुढे उघडून ठेवली.

“शोध तिचा आहे, काका. तिने तुम्हाला सांगितलं होतं. मलाही सांगितलं होतं.”

काकांनी वाचलं. चष्मा काढला.

“शाब्बास, पोरी,” ते कसंबसं म्हणाले.

ते ऐकायला ती नव्हती.