खारट दूध

"शकुआत्या पहाटेपासून खोलीत नाहीत," भालचंद्रराव टेलिफोनवर म्हणाले. "त्यांचा तांब्याही नाही. मी घाटांवर माणसं पाठवलीत. तू ये."

उज्ज्वलाने हातातली काचेची नळी लाकडी घोडीवर ठेवली. कलकत्त्याच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या दुधातुपातली भेसळ तपासणं हे तिचं काम. ते तसंच टाकून तिने ट्राम गाठली.

घाट म्हणजे गंगा. म्हातारी बाई तांब्या घेऊन पहाटे गंगेवर गेली आणि परतली नाही, याचा अर्थ भालचंद्ररावांनी उच्चारला नव्हता. पण तो तिला कळला होता.

भवानीपूरमधलं 'सुखवास' हे शहरातल्या मराठी कुटुंबांनी मिळून चालवलेलं घर. बदल्यांची नोकरी, लहान बिऱ्हाड, मागे कुणी नाही, अशांची म्हातारी माणसं तिथे राहत. वडिलांची नागपूरला बदली झाली, उज्ज्वला नोकरीसाठी मुलींच्या वसतिगृहात राहिली आणि आई गेल्यावर जिने तिला वाढवलं ती विधवा आत्या सुखवासात आली. घर चालवणाऱ्या मंडळाच्या सभेत उज्ज्वलाने उभं राहून सांगितलं होतं, "मी दर रविवारी जाते. इतकं स्वच्छ, इतकं शांत घर दुसरं नसेल." टाळ्या पडल्या होत्या. भालचंद्रराव, घराचे चिटणीस, सर्वांत पुढे बसले होते.

आज ते फाटकातच उभे होते. दाढी केलेली नव्हती.

"चहा घे आधी. दूध नको ना? मीही चहाचाच माणूस."

"कुणाला कसं कळलं नाही, काका?"

"काय सांगू! मनोहरपंत रात्री उठले, जिन्यावरून पडले आणि गेले, तेव्हापासून मी डोळ्यांत तेल घालून असतो. त्यानंतर रात्री कुणी उठलेलं नाही. देवाची कृपा." त्यांनी डोळे पुसले. "आमच्या हिला फिट्‌स यायच्या, तेव्हा वर्षानुवर्षं असाच जागलो मी. माणसाला सांभाळणं मला माहीत आहे, उज्ज्वला."

उज्ज्वला सरळ शैलाताईंकडे गेली. घराची सगळी व्यवस्था त्या एकट्या बघत.

"फाटकाला कुलूप असतं?"

"आतून कडी. गंजलेली. काढली की अख्ख्या गल्लीला कळतं."

"तुमची खोली?"

"फाटकाला लागून." शैलाताईंनी पदराआड जांभई दाबली. "पूर्वी पाल चुकचुकली तरी जागी व्हायचे मी. हल्ली मेल्यासारखी झोप लागते गं. आज तर स्वयंपाकी ठाकुराने येऊन दार बडवलं तेव्हा उठले."

"रात्री काय घेता तुम्ही?"

"सगळ्यांबरोबर मसाल्याचं दूध. भालचंद्ररावांच्या घरून मसाल्याचा डबा येतो. स्वतः कुटतात जायफळ-वेलची. बाजारच्या भेसळीवर त्यांचा विश्वास नाही. साखर आणि मसाला मी कपात घालते."

आत्याच्या खोलीत अंथरूण नीट घडी केलेलं होतं. खुंटीवर कोरडं लुगडं होतं. खिडकीत बशीने झाकलेला कप, त्यात दूध जसंच्या तसं.

उज्ज्वला लुगड्याकडे पाहत राहिली. आत्याने आयुष्यात कधी कोरडं लुगडं बरोबर न घेता नदीवर पाऊल टाकलं नव्हतं.

ती कप घेऊन बाहेर आली. व्हरांड्यात एकटे श्यामराव ताठ बसले होते. बाकी आरामखुर्च्यांमधल्या माना छातीवर कलल्या होत्या. श्यामराव रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. खिशातल्या बाटलीतून कैरीच्या लोणच्याची फोड काढून ते चोखत होते.

"या, भेसळवाल्या बाई! सापडली का आत्या गंगेवर?"

"श्यामरावकाका, तुम्ही एकटेच जागे कसे?"

"मीठ! अळणी खाऊन माणूस झोपणार नाही तर काय! इथलं जेवण म्हणजे आजाऱ्याची पेज. मी वरून मीठ घेतो, लोणचं घेतो, पापड घेतो. शैला ओरडते, मी ऐकत नाही." त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "तुझ्या आत्याने तर चातुर्मासात मीठच सोडलं. आणि सांगत सुटली, माझ्या दुधात कुणीतरी मीठ घालतंय, माझं व्रत मोडतंय. आम्ही हसलो. तू काय म्हणालीस गं तिला?"

उज्ज्वलाला आपलेच शब्द आठवले. 'आत्या, तू मीठ सोडलंयस ना, म्हणून जिभेला भास होतात. त्याला शास्त्रीय कारण आहे.' आत्या गप्प झाली होती. पुढच्या रविवारी ती अडखळत बोलली, त्याच्या पुढच्या रविवारी उज्ज्वलाला आईच्या नावाने हाक मारली. वय झालं, असं सगळे म्हणाले. उज्ज्वलाही म्हणाली.

ती कप सावरत फाटकाकडे वळली.

"कुठे निघालीस? घाटावर?"

"नाही. इथे जवळ गाई कुठे दुभतात?"

मागच्या गल्लीत बिहारी गवळ्यांचा खटाल, म्हणजे गोठा, होता. शेण, भुसा आणि घोंघावणाऱ्या माश्या. कडब्याच्या पेंढ्यांना टेकून आत्या बसली होती. तांब्या मांडीत घट्ट धरलेला. हनुवटीवर लाल पुटकुळ्या आल्या होत्या आणि हात थरथरत होते.

"माईजी ने सामने खड़े होकर दुहवाया," गवळी घाबरून म्हणाला. "फिर उठ ही नहीं पाईं. घर पूछा तो कोई और ही गाँव बताती हैं."

उज्ज्वलाने तिचा हात धरला. आत्याने तिच्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं.

"कुणाची गं तू, बाळ? हे दूध पी. हे गोड आहे. त्यात मीठ नाही."

आत्याला इस्पितळात ठेवून उज्ज्वला कप, तांब्यातलं दूध आणि सुखवासाच्या स्वयंपाकघरातल्या पातेल्यातलं दूध घेऊन प्रयोगशाळेत परतली. मसाल्याची चिमूटही तिने शैलाताईंकडून मागून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुखवासाच्या दिवाणखान्यात भालचंद्रराव, शैलाताई आणि श्यामराव बसले होते.

"आत्या सापडली हे उत्तम झालं," भालचंद्रराव म्हणाले. "वयोमानाने भ्रम होतो. दोष कुणाचाच नाही."

"भ्रम वयाचा नाही, काका. ब्रोमाइडचा आहे."

शैलाताईंचा हात तोंडावर गेला. "ते फिटांचं औषध?"

"फिटांचं आणि झोपेचं. मी दूध फाडून निवळ गाळून घेतली. तीत क्लोरीनचं पाणी घातलं आणि क्लोरोफॉर्मबरोबर हलवली. ब्रोमाइड असेल तर तळाशी पिवळा-तपकिरी थर उतरतो. गवळ्याचं दूध स्वच्छ. पातेल्यातलंही स्वच्छ. आत्याच्या कपाला मात्र थर उतरला."

"म्हणजे कपात घातलं," श्यामराव म्हणाले आणि त्यांनी शैलाताईंकडे पाहिलं.

"मलाही आधी तेच वाटलं. पण कपात औषध घालणारी बाई स्वतः ते पिऊन फाटकाशेजारी बेशुद्धासारखी झोपेल का? शैलाताईही तेच दूध पीत होत्या, श्यामरावकाका. कपात पडायच्या तीनच गोष्टी. दूध, साखर आणि मसाला. साखर मी इथेच चाखली, साखरच आहे. मसाल्याला तोच तपकिरी थर उतरला."

शैलाताईंनी भालचंद्ररावांकडे पाहिलं.

"ब्रोमाइड खारट असतं. साखर आणि जायफळात ते लपतं. रोज मीठ खाणाऱ्याला कळत नाही. जिने मीठ सोडलं तिच्या जिभेला ते पहिल्या घोटाला कळलं. आत्याला भास होत नव्हता. या घरात तिच्या एकटीच्याच जिभेला खरं कळत होतं."

"पण सगळेच पितात. मग तिलाच एवढं का?" श्यामरावांनी विचारलं.

"शरीरात मीठ असलं की ते ब्रोमाइडला बाहेर ढकलतं. तुमच्या लोणच्याने तुम्हाला वाचवलं. आत्याच्या शरीरात मीठच येत नव्हतं, म्हणून ते साचत गेलं. आषाढापासून, रोज रात्री. तिने व्रत केलं आणि त्या व्रतानेच तिला मरणाच्या दारात आणलं." उज्ज्वला भालचंद्ररावांकडे वळली. "डबा तुमच्या घरून येतो. तुम्ही इथे कधी दूध घेत नाही. फिटांचं औषध तुमच्या घरात वर्षानुवर्षं होतं. आणि मनोहरपंत गेल्यापासून या घरात रात्री कुणी उठलं नाही. हे तुम्हीच मला सांगितलंत."

चष्मा काढून भालचंद्रराव तो मांडीवर पुसत बसले.

"जिन्याखाली मनोहरपंत मलाच सापडले होते," ते म्हणाले. "रात्रीसाठी आणखी एक माणूस ठेवा, असं शैला केव्हाची सांगत होती. मी पुढच्या सभेत बघू म्हटलं होतं. ते पडले आणि मला झोप लागेना. डोळा लागला की जिना दिसायचा. वाटलं, कुणी उठूच नये. थोडंसंच घालायचो. हिला मी त्याच्या कितीतरी पट द्यायचो, तिला काही झालं नाही."

"ती मीठ खात होती, काका."

"मला व्रताचं काय ठाऊक!"

"शैलाताईंना ठाऊक होतं. ठाकुराला होतं. मला होतं. तुम्ही कुणाला विचारलं असतं तर."

"आणि तुम्ही?" त्यांचा आवाज एकदम चढला. "तुम्ही सगळे रविवारी यायचात, खुर्चीत झोपलेली माणसं बघायचात आणि म्हणायचात, किती शांत! सभेत उभी राहून कोण बोललं? मला वाटलं, मी बरोबर करतोय. कुणी एकदाही विचारलं नाही की ही माणसं पूर्वीसारखी भांडत का नाहीत?"

पूर्वी रविवारी या घरात पत्त्यांवरून आरडाओरडा चाले, आत्या भजनात सूर सोडून गाई आणि श्यामराव तिची नक्कल करत. ते थांबलं तेव्हा उज्ज्वलाला बरंच वाटलं होतं. लवकर निघता यायचं.

"तुमचं तुम्ही सांगा, काका. मंडळाला आणि ठाण्यावरही," ती म्हणाली. "माझं मी सांगते."

भालचंद्ररावांनी चष्मा घातला, काठी घेतली. श्यामराव उठले आणि त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत गेले. कडी काढताना ती करकरली. आता सगळ्यांना ऐकू गेली.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी औषध सांगितलं होतं ते एकच. मीठ. पाण्यातून, पेजेतून, जमेल तसं. पण आत्या तोंड मिटून घेत होती. भान पुरतं आलेलं नव्हतं, तरी व्रत तिला आठवत होतं.

उज्ज्वलाने पेज कालवली. स्वतः एक घोट घेऊन पाहिला. मग चमचा आत्याच्या ओठांशी नेला.

आत्याने थोडी पेज जिभेवर घेतली. तिच्या कपाळाला आठी पडली. डोळ्यांत भीती आली, नेहमी हसण्यावारी नेलेल्या माणसाची भीती.

"खारट आहे गं," ती हळूच म्हणाली. "तुला नाही पटायचं. पण खारट आहे."

"हो, आत्या," उज्ज्वला म्हणाली. "खारट आहे. मीठ मीच घातलंय. तुला बरं वाटावं म्हणून, तुला सांगून घातलंय. आणि दूधही खारट होतं. तू खरं सांगत होतीस."

आत्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग तिने चमच्यासाठी तोंड उघडलं.