ओढ मोजायचं यंत्र

“आबा, ओढ मोजता येते का?”

आबांच्या हातातला चहा हिंदकळला. त्यांच्या प्रयोगशाळेत आल्यापासून जुई तोंडाला कुलूप लावून बसली होती, आणि कुलूप उघडलं ते असल्या प्रश्नाने! सकाळीच तिची आई, म्हणजे आबांची लेक वैदेही, वर्षभरासाठी अंतराळ स्थानकावर जायला निघाली होती. फाटकापाशी तिने जुईचा पापा घेतला आणि भराभर चालत गाडीत जाऊन बसली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. तेच जुईच्या मनाला लागलं होतं.

“येते की!” आबा म्हणाले. “माझा अख्खा जन्म त्यातच गेला. ये इकडे.”

एका पोलादी पेटीला लालभडक तापलेली बारीक नळी जोडली होती.

“यातून मिथाइल नावाचे रेणू येतात. भारी चंचल! डोळ्याचं पातं लवायच्या आत दुसऱ्या कुणाला तरी चिकटतात आणि संपतात. बाटलीत भरून ठेवायची सोयच नाही. म्हणून आम्ही ते सतत ताजे बनवतो आणि या निर्वात (हवा काढून घेतलेल्या) पेटीत सोडतो. आत गर्दीच नाही, तर चिकटणार कुणाला? तेवढ्यात त्यांच्यावर प्रकाश टाकायचा.”

“मग काय होतं?”

“रेणूने आपले इलेक्ट्रॉन (ऋणभाराचे इवलेसे कण) घट्ट धरून ठेवलेले असतात. ही त्याची ओढ. प्रकाशाचा धक्का बसला की एखादा इलेक्ट्रॉन सुटतो. त्याला सोडवायला निदान जेवढी ऊर्जा लागते, ती आयनीभवन ऊर्जा, म्हणजेच ओढीचं माप. धक्क्यातली उरलेली ऊर्जा घेऊन तो पळत सुटतो. त्या टोकाला तो किती लवकर पोचला, ते हे यंत्र बघतं. या पद्धतीला म्हणतात प्रकाश-इलेक्ट्रॉन वर्णपटमापन.”

जुईचं तोंड एवढंसं झालं. “म्हणजे जो भराभर जातो, त्याला ओढ कमी. कळलं मला.” तिचे डोळे भरून आले. “आई तश्शीच गेली.”

अस्सं आहे होय! आबांना आता उलगडा झाला. त्यांनी तिला जवळ घेतलं, पण समजूत काही घातली नाही. यंत्राच्या पडद्यावरच्या ऊर्जेच्या आकड्यांकडे बोट दाखवून म्हणाले, “वाच बघू.”

“प्रकाशाने दिली एकवीस. इलेक्ट्रॉनने नेली अकरा.”

“मग ओढ किती?”

“दहा.”

आबांनी दिवा बदलला. “हा नुसता जास्त लखलखीत नाही हं. याच्या प्रकाशाच्या एकेका कणातच जास्त ऊर्जा आहे.”

“आता दिली एकेचाळीस. आणि नेली... अगं बाई, एकतीस! केवढा सुसाट पळाला!”

“मग ओढ कमी झाली का?”

जुई ओठ हलवत वजाबाकी करू लागली आणि मध्येच थबकली. “दहा! तेवढीच आहे, आबा!”

“तीच तर गंमत, बाळा. नुसत्या वेगावरून ओढ कळत नाही. मुळात धक्का केवढा होता, ते आधी विचारायचं. प्रत्येक जातीच्या रेणूची ओढ वेगळी असते, त्यावरून तो ओळखता येतो. तुझी आई स्थानकावर असंच यंत्र जोडणार आहे. ते पुढे शनीच्या टायटन चंद्रावर जाईल आणि तिथल्या धुक्यातले हे क्षणभराचे रेणू ओळखील. आजवर कुणी भेटलं नसेल त्यांना!”

जुईने मान डोलावली, पण तिचं मन फाटकापाशीच होतं.

संध्याकाळी प्रक्षेपण तळावरून आईचा फोन आला. उड्डाण दुसऱ्या दिवशी होतं. पडद्यावर तिचं नाक लाल दिसत होतं. जुईने जेवलीस का, नीट पोचलीस का, काही विचारलं नाही.

“आई, सकाळी निघायला किती जोर लागला?”

आईने आबांकडे पाहिलं. आबा छताकडे बघू लागले.

“होता नव्हता तेवढा सगळा,” आई म्हणाली. “मागे वळले असते ना, तर पाय निघालाच नसता गं माझा.”

जुईने डोळे पुसले आणि हसली.

“मग उद्याही भराभर जा, आई. बाकी मी काढीन.”