मेंटिंकचे मालक

पहिल्यांदा खटकली ती एका सहीची शेपूट. 'मेंटिंक' या नावातलं शेवटचं अक्षर खाली येऊन वर वळलं होतं, मासे पकडायच्या गळासारखं. सही १७४३ सालची. तशीच शेपूट १७८८ च्या, दुसऱ्याच मालकाच्या कागदावर दिसली तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवली.

मी झुत्फेन शहरात जुन्या दस्तऐवजांच्या कचेरीत काम करते. माझा भाऊ रुलोफ याने मेंटिंक नावाची जुनी शेतवाडी विकत घेतली होती आणि तिच्या मालकांची यादी त्याला भिंतीवर लावायला हवी होती. "एवढं तर करशील ना, ससुल्ये?" असं म्हणाला. लहानपणापासून तो मला ससुली म्हणतो, कारण मी कशालाही दचकते. फोन उचलला की त्याचा पहिला शब्द तोच.

एक सोडून सगळ्या मालकांचं आडनाव मेंटिंक, यात नवल नव्हतं. आमच्या या भागात माणूस घराला नाव देत नाही, घर माणसाला देतं. विणकर आला, मेंटिंक झाला. पाद्र्याचा भाऊ आला, तोही झाला. एकमेकांच्या रक्ताचे कुणीच नव्हते. पण नाव घराचं असलं तरी हात ज्याचा त्याचा असतो.

१८५१ ची मालकीण विधवा होती. खरेदीखतावर तिने फुली मारली होती आणि कारकुनाने शेजारी नोंदवलं होतं, लिहिता येत नाही. दोन वर्षांनी कुरणाच्या करारावर तिची पूर्ण सही होती. सफाईदार. शेवटी गळ.

शनिवार होता, खिडकीबाहेर धुकं, कचेरीत मी एकटी. तेवढ्यात वास जाणवला. हे कागद शंभर वर्षं शहरातल्या लोखंडी कपाटात आहेत, आणि त्यांना ओल्या मातीचा, चुलीतल्या धुराचा वास येत होता.

यादीतल्या सहा मालकांत एकाचीच सही वेगळी होती. १९२६ चा डॉक्टर. तो शेवटपर्यंत स्वतःच्या नावाने, स्वतःच्या हाताने सही करत राहिला.

मेंटिंकच्या सर्वांत जवळच्या शेजारीण म्हणजे दीना काकू. मी त्यांच्या घरी फोन लावला.

"डॉक्टर होय?" काकू म्हणाल्या. "तो साखळीभोवती फिरलाच नाही. आल्या दिवशी साखळी उतरवून गोठ्यात टाकली मेल्यानं. नव्वद वर्षं जगला बिचारा, स्वतःच्याच नावानं."

"बिचारा का?"

"पाहुणाच राहिला ना गं! पाहुण्याला कॉफीबरोबर एकच बिस्कीट." त्या खो खो हसल्या. "त्याच्या पुतण्यानं परत टांगली साखळी. तुझा भाऊ शहाणा आहे, आज तीन वाजता फिरतोय. चल, ठेवते. निघायचंय मला."

"काकू, थांबा... नाही फिरला तर?"

"पोरी, तूच नाही का त्याला सांगितलंस?"

ते खरं होतं. घराच्या मधोमध चूल, वर तुळईतून लोंबणारी, भांडं अडकवायची साखळी. शेजाऱ्याने नव्या मालकाचा हात धरून तिच्याभोवती तीन फेरे घालायचे आणि तिसऱ्या फेऱ्याला त्याला घराच्या नावाने हाक मारायची. रुलोफला हे बावळटपणाचं वाटत होतं. मीच म्हटलं होतं, फिर रे, गावातले लोक जवळ करतील. फेऱ्यांच्या वेळी घरात दोघंच असतात, नवा मालक आणि शेजारी. तिसरं कुणी नसतं.

घड्याळात तीनला दहा कमी होते. वाडी वीस किलोमीटरवर, आणि मला गाडी चालवता येत नाही. मी रुलोफचा मोबाईल लावला. वाजत राहिला. परत लावला. मालकांची यादी समोर होती, शेवटची ओळ रिकामी. धुराचा वास आता माझ्या बाहीला येत होता. काकूंच्या घरी लावला, कुणी नाही. त्या निघाल्या होत्या.

तीनला पाच कमी. रुलोफ. वाजतोय.

तीन. बाहेर चर्चचे ठोके पडले. नववी की दहावी वेळ, आठवत नाही... वाजतोय.

आणि फोन उचलला गेला.

"रुलोफ! फिरू नकोस, ऐक, फिरू नकोस..."

पलीकडे लोखंड लोखंडावर हळूच वाजलं. 'ससुल्ये' आलं नाही. कुणीतरी सावकाश श्वास घेतला.

"मेंटिंक," एक कोरडा आवाज म्हणाला. आमच्याकडे फोन उचलल्यावर आपलं आडनाव सांगतात, तसंच.

तो आवाज रुलोफचा नव्हता. रुलोफ दूर कुठेतरी, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, हसत होता.

"काकू, एक मिनिट, माझा फोन वाजत होता ना?"

"राहू दे रे," दीना काकू म्हणाल्या. "दुसरा फेरा चाललाय. घरात आहे ना कुणीतरी तो घ्यायला."