चाळीसातली चौदावी प्रत

पिंपळवंडीत दादाभाऊ काकडे यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पंचक्रोशीतल्या विहिरींवरची जळालेली मोटार फिरून फिरून शेवटी तिथंच येते. माणूस नाकासमोर चालणारा. तार किती गेजची, वेढे किती, हे वहीत उतरवल्याशिवाय जुन्या तारेला पक्कड लावायची नाही, हा नेम. दुकानात बसून कुणी भुताखेतांच्या गोष्टी सुरू केल्या, की ते मान वर न करता विचारायचे, "मोजलं का कुनी?" झालं, सांगणाऱ्याचा चहा गार. अशा माणसाच्या वाट्याला ही गोष्ट यावी, याला काय म्हणावं?

त्यांची बायको जया झेडपीच्या शाळेत शिक्षिका. दर फेब्रुवारीत ती पोरांना खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दाखवायला न्यायची आणि एका वर्षी तिथून आभाळाचा नाद घेऊन आली. अवसरी खुर्दला कॉलेजच्या रस्त्यावर हर्षाली नावाची मुलगी पत्र्याच्या शेडमध्ये अवकाशाची चित्रं छापते, असं तिला तिथं कळलं. तांब्याच्या पत्र्यावर ॲसिडनं चित्र कोरायचं, हातानं शाई भरायची आणि दाबयंत्रातून एकेक कागद काढायचा. एका चित्राच्या चाळीसच प्रती. चाळीस झाल्या, की पत्र्यावर आडवी चीर ओढायची. पुन्हा ते चित्र निघणे नाही. प्रत्येक प्रतीखाली पेन्सिलीनं तिचा नंबर. त्या दिवाळीनंतर 'दूरचे मुक्काम' नावाची बारा चित्रांची मालिका सुरू होणार होती. दर दोन महिन्यांनी एक चित्र: आधी चंद्र, मग मंगळ, मग गुरूचा एक उपग्रह, असं पृथ्वीपासून लांब लांब जायचं. जयानं चौदा नंबर घेतला. एकदा घेतलेला नंबर बाराही चित्रांना तोच राहतो, अशी या संग्रह करणाऱ्यांची रीत असते.

नवं चित्र आलं, की ती सुती हातमोजे घालून ते पलंगावर उलगडायची, दुकानातलं भिंग आणून रेघ न् रेघ बघायची. बैठकीच्या भिंतीवर तिनं बारा खिळे आधीच ठोकून घेतले होते.

"बाजारात तुरी," दादाभाऊ म्हणाले होते.

"येतील हो बारा. तुम्ही एकदा चला ना अवसरीला. नारायणगावला एक एसटी, मंचरला दुसरी. रस्त्यात भेळ खाऊ."

"फुडच्या खेपंला. आता हंगाम हाये."

अशा पाच खेपा झाल्या. पाच चित्रं भिंतीवर लागली, पाचही वेळा ती एकटी गेली. श्रावणात एका दुपारी शाळेत तिचं डोकं दुखायला लागलं आणि दिवेलागणीपर्यंत ती गेली. त्यावर जास्त लिहिण्यात अर्थ नाही.

दादाभाऊंनी दुःख त्यांच्या पद्धतीनं केलं. यादी करून. रेशनकार्डावरचं नाव, बँकेचं खातं, मोबाइलचं सिम, गॅसची जोडणी. एकेक बंद करायचं आणि पुढं टिक. यादीत शेवटी होतं चित्राचं. त्यांनी हर्षालीला मेसेज धाडला: 'चौदा नंबर बंद करावा. दादाभाऊ काकडे.' कारण लिहायला घेतलं होतं, ते पुसलं. बोट चाललं नाही.

मग सात रिकाम्या खिळ्यांसमोर बसून जेवायची सवय झाली. बाईमाणूस गेल्यावर घर खायला उठतं म्हणतात, पण दादाभाऊंचं घर नुसतं गप्प बसलं होतं. संध्याकाळी दुकान बंद केल्यावर कुणाला सांगायचं, की आज बोरीच्या माणसाची मोटार कशी जळाली, हेच त्यांना उमगेना. तिला त्यातलं काही कळायचं नाही, पण ती ऐकायची. आपण मात्र तिची चित्रं बघितली नाहीत, हे आता आतून टोचत होतं.

दिवाळीच्या साफसफाईला त्यांना पहिल्यांदा दिसलं. त्या भिंतीवर दुपारनंतर पश्चिमेचं ऊन येतं. उन्हानं भिंतीचा पिस्ता रंग उडाला होता, आणि चित्र खाली घेतलं की त्यामागं मूळ रंगाचा गडद चौकोन दिसायचा. त्यात नवल नाही. पण सहाव्या खिळ्याखाली कधी काहीच टांगलं नव्हतं, आणि तिथंही तसाच चौकोन होता.

त्यांनी टेप लावली. सोळा इंच बाय बावीस. फ्रेमच्या मापाला सूतभर फरक नाही. ओल असेल, ते म्हणाले. पण ओलीला कोपरे नसतात.

कार्तिकात सातव्या खिळ्याखाली तसंच. पौषात आठव्या. उडालेला रंग परत येत नाही, एवढं तर रंगाऱ्याचं पोरगंही सांगेल. दादाभाऊ वहीत तारखा मांडत गेले. दर दोन महिन्यांनी एक. चाकणहून लेकीचा, श्रेयाचा फोन आला: "दादा, रंगारी पाठवते, बैठक रंगवून घ्या." ते नको म्हणाले. आवाज इतका चढला, की ती घाबरली.

आषाढात अकरावा चौकोन उमटला, तेव्हा त्यांनी हर्षालीला फोन लावला. उगाच. सहावं चित्र कसं होतं, एवढंच विचारायला.

"सहावं? काकूंनी नेलंय की, काका. अकराही नेलीत."

दादाभाऊंची नजर सहाव्या खिळ्याकडं गेली.

"तुमचा मेसेज आला होता. पण नंबर ज्याचा, त्यानंच सोडायचा, असा आमचा नियम आहे. नवऱ्याच्या मेसेजवर मी बाईचा नंबर बंद करत नाही."

"पोरी," ते म्हणाले, "तिला जाऊन वरीस व्हईल आता."

पलीकडं दाबयंत्राचा आवाज चालू होता, तो थांबला.

दुसऱ्याच दिवशी ते मोटारसायकलीवर अवसरीला गेले. जयाच्या त्या रस्त्यानं, पहिल्यांदाच. शेडमध्ये शाईचा आणि अळशीच्या तेलाचा वास होता. दोरीवर ओले कागद वाळत होते. हर्षालीचा चेहरा उतरला होता. ती आत छपाईत असते, प्रती देण्याचं काम लंकाबाईंचं. कागद भिजवणं, कापणं, सही घेऊन प्रत देणं, सगळं त्याच बघतात. हर्षालीनं रजिस्टर पुढं केलं. चौदा नंबरच्या ओळीत अकरा सह्या होत्या. शाळेच्या मस्टरवर करावी तशी सही, खाली तारीख. पहिल्या पाच आणि नंतरच्या सहा यांत फरक नव्हता. दादाभाऊंनी खिशातून भिंग काढून पाहिलं.

"येत्यात की बाई," लंकाबाई हात पुसत म्हणाल्या. "लई बोलत न्हाईत. पिशवी बी आनत न्हाईत, कागद तसाच उघडा नेत्यात. मागल्या टायमाला भुरभुर व्हती. म्या म्हनलं, बाई, भिजंल. तर म्हनल्या, तिकडं पाऊस नसतो."

दादाभाऊंना भीती वाटायला हवी होती. वाटला तो आनंद, आणि त्याची त्यांना लाज वाटली. सगळं बंद केलं आपण, एक एक टिक करून, आणि हे एक राहून गेलं होतं. तिचं म्हणून जगात एक खातं अजून चालू होतं. पण बारावं चित्र नेलं, की मालिका संपली. मग तिनं इकडं यायचं कशाला?

"बारावं कधी निगनार?"

"भाद्रपदात. दुसऱ्या शनिवारी सकाळी," हर्षाली म्हणाली.

त्या शनिवारी त्यांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि दहाच्या आत शेडमधल्या बाकड्यावर येऊन बसले. दाराकडं तोंड करून. बारावं चित्र समोर टेबलावर होतं. जवळजवळ सगळं काळं. काठाशी राईएवढा पांढरा ठिपका, म्हणजे आपला सूर्य. चित्राचं नाव होतं 'इथून'.

लोक येत होते. मंचरचे एक डॉक्टर, कॉलेजची दोन मुलं, पुण्याहून आलेलं एक जोडपं. सही करायची, प्रत घ्यायची, निघायचं. दादाभाऊ प्रत्येक पायरव ऐकून ताठ व्हायचे.

बारा वाजले. गठ्ठा उतरत गेला.

काय बोलायचं, ते त्यांनी ठरवून ठेवलं होतं. फार नाही. चल, भेळ खाऊ, एवढंच.

एक वाजला. दार रिकामं. रस्त्यावर उन्हात एक कुत्रं झोपलं होतं. दादाभाऊंनी नजर हलवली नाही. बाकड्याची फळी एकदा कुरकुरली, पण ते लाकूडच जुनं होतं.

दीड.

टेबलावर एकही प्रत उरली नव्हती. ते दचकून उठले. "चौदा नंबर कुनी नेला?"

लंकाबाई आतून ओले हात घेऊन आल्या. "कुनी म्हंजी? बाईंनी."

"कवा?"

"आत्ता की. मगाधरनं तुमच्या बाजूलाच बसल्या व्हत्या. म्या म्हनलं, आज मालक संगं आलेत, बरं झालं."

दादाभाऊंनी बाकड्यावर हात ठेवला. आपल्या जागेवर नाही, शेजारी. फळी थंड होती.

हर्षाली रजिस्टर घेऊन आली. बारावी सही झाली होती. शाई अजून पुरती वाळली नव्हती. पण ती भलतंच पान बघत होती. तिनं नव्या मालिकेसाठी पुढचं पान आखून ठेवलं होतं, नावं अजून कुणाचीच घेतली नव्हती. त्यावर दोन ओळी भरलेल्या होत्या.

चौदा नंबर: जया दादाभाऊ काकडे.

पंधरा नंबर: दादाभाऊ काकडे.

आणि पंधरासमोर, समासात, त्याच वळणाच्या अक्षरात: 'यांना मी घेऊन येईन.'

हर्षालीनं रजिस्टर त्यांच्यापुढं सरकवलं.

"काका," हर्षाली हळूच म्हणाली, "हा नंबर तुमचा आहे. तुम्हाला सोडता येतो. आत्ता सांगा, मी खोडते."

दादाभाऊंनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. वर्षभरात त्यांना कुणी कुठं चला म्हटलं नव्हतं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "नवी मालिका कवा सुरू व्हनार?"

"संक्रांतीनंतर."

ते सावकाश घरी आले, भिंतीकडं न बघता जेवले आणि गाढ झोपले. सोमवारी पिंपळवंडीच्या लोकांनी पाहिलं, तर दुकानाच्या फळीवर खडूनं लिहिलं होतं: 'संक्रांतीच्या पुढची मोटार घेतली जाणार नाही. आपापला माल त्याआधी घेऊन जावा.'