दहा वर्षं पाण्यात ठेवलेला दात

डिंकाने भरण चिकटवलेला बाटलीतला दात दहा वर्षं पाण्यात होता. तो बाहेर काढायची तारीख उलटून तीन दिवस झाले होते. दापोलीच्या अंतराळ प्रयोगशाळेत आबा रोज नवं कारण सांगत होते.

"आज तरी द्या," सांडशी म्हणाला. सांडशी म्हणजे नमुने ओढून तोडणारा यंत्रमानव. हे नाव आजीने ठेवलेलं.

"आज हवा दमट आहे."

"आबा, दात पाण्यातच आहे!" दहा वर्षांची नात जुई हसली, मग बाटलीजवळ सरकली. तिची आई परवा मंगळाकडे निघणार होती, दहा वर्षांसाठी. आईच्या दाढेतलं भरण याच डिंकाने चिकटवलं होतं, आणि यानात दातांचा डॉक्टर नव्हता. "टिकेल ना हो?"

"तोंडात कायम ओल असते," आबा म्हणाले, "म्हणून नमुने कोमट पाण्यात ठेवायचे. डिंक दातातल्या बारीक तंतूंत (धाग्यांत) शिरून घट्ट होतो. पण पाणी हळूहळू झिरपतं, डिंक कमजोर करतं. उघडे राहिलेले तंतू दातातलीच विकरं (पदार्थांचे तुकडे करणारी रसायनं) कुरतडतात. पहिल्या दिवशी काडीएवढा सांधा तोडायला चार किलोंचा ताण लागला. वर्षाने तीन, पाच वर्षांनी अडीच. निदान दोन तरी हवा."

"आणि दहा वर्षांनी?"

"तोडल्याशिवाय कळत नाही, बाळा."

आजीने जोडलेल्या दहांपैकी नऊ दात तिच्या देखतच तोडून झाले होते. तिला जाऊन दोन वर्षं झाली. तिने जोडलेलं आता एवढंच उरलं होतं.

आबांनी जुईकडे पाहिलं आणि स्वतःच्या हाताने झाकण उघडलं.

सांडशी ओढू लागला. "दीड... दोन... दोन किलो तीनशे."

टक्.

आबांनी भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं. "अगं, बघ! सांधा सुटलाच नाही. सांध्याशेजारी दातच तुटलाय. म्हणजे सांधा याहून पक्का आहे!"

ते शेजारच्या खुर्चीकडे वळून बोलले होते. खुर्ची रिकामी होती.

"मला दाखवा," जुई म्हणाली आणि त्या खुर्चीत चढून बसली. बराच वेळ तिने भिंगातून पाहिलं. "आईला सांगू?"

"सांग. पण एका दातावर भरवसा ठेवला, तर तुझ्या आजीने मला घरात घेतलं नसतं."

"मग?"

"वीस नवे जोडू. शेवटचा उघडशील तेव्हा तू वीस वर्षांची असशील."

"आणि तुम्ही?"

"तू डिंक पातळ लाव," आबा म्हणाले. जुईने पहिला दात उचलला.