दारावरची अक्षरं

“इथे बिअर मिळेल ना?”

इशबेलने दार उघडलं तर बाहेर एक उंच माणूस निथळत उभा. पाऊस आडवा झोडपत होता, आणि हा आपला टोपी काढून अदबीने विचारतोय!

“मिळायची,” ती म्हणाली. “माझ्या पणजोबांच्या काळी. तुम्हाला जरा उशीरच झाला.”

“मग बाहेर पबची पाटी टांगायचा लोखंडी आकडा कशाला ठेवलाय?”

“आता त्याला कुंडी टांगते. आत या, नाहीतर वाहून जाल. चहा चालेल?”

इनिस गाउडी त्याचं नाव. पाथरवट होता, गावच्या चर्चची भिंत दुरुस्त करायला त्याच दिवशी आला होता. चहा पिताना त्याने ते घर इतकं मन लावून न्याहाळलं की इशबेलला हेवाच वाटला... घराचा!

मग तीही सांगत सुटली. खालच्या खोलीत आधी हेरिंग मासे खारवत, पुढे पब झाला, मग शाळा, मग आजोबा तिथे शिडं शिवायचे. दमट हवेत अजून भिंतींना मीठ फुटतं. आणि दारावरच्या आडव्या दगडावर या घरातल्या पहिल्या जोडप्याची आद्याक्षरं आहेत, पण समुद्राच्या वाऱ्याने पार झिजलीत.

“पुन्हा कोरून द्याल?”

“देईन की. दोन संध्याकाळचं काम.”

दोन संध्याकाळी लांबून तीन आठवडे झाले. “दगड फार हट्टी आहे,” तो रोज सांगायचा आणि रोज चहाला थांबायचा.

घोळ झाला तो वेगळाच. त्या गावात दारावर अक्षरं कोरतात ती लग्न ठरलं की. इथेच वाढलेल्या इशबेलच्या हे लक्षातच आलं नाही! शनिवारी शेजारच्या गुर्ली काकू फडक्यात बांधून उकडलेला मनुकांचा केक घेऊन हजर.

“अगं लबाडे! आम्हाला सांगितलंही नाहीस?”

“अहो काकू, जुनीच अक्षरं आहेत ती—”

“हो हो, असू देत जुनी! मुलगा छान आहे हो.”

इशबेलचे कान तापले. सोमवारी तो ऑर्कनी बेटांवर पुढच्या कामाला जाणार होता. आपला जीव त्याच्यावर जडलाय, हे तिला आता स्वतःपासूनही लपवता येत नव्हतं. ती तडक बाहेर आली.

“खाली उतरा आधी! गावाला वाटतंय, आपण दोघं...”

“माहीत आहे,” इनिस शिडीवरूनच म्हणाला. “चर्चमध्ये तिघांनी अभिनंदन केलं.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“थँक यू.”

“इनिस!”

“नाही म्हणायचं होतं गं... पण तोंडातून निघेना.” तो खाली आला. केसांत दगडाची भुकटी होती. “सोमवारी जायचंय आणि पाय निघत नाहीये. मला तू आवडतेस, इशबेल. घरही आवडतं, पण ते नंतर.”

तिला भीती वाटत होती, आणि आनंदही मावत नव्हता.

“मलाही तू हवा आहेस,” ती म्हणाली. “पण ऑर्कनीचं काम टाकायचं नाही. वसंतापर्यंत संपेल?”

“संपवतोच.”

“मग परत ये. मागच्या दारावरचा दगड कोरा आहे.”

त्याने खिशातून खडू काढला. “आडनावाचं अक्षर... कुठलं कोरू तुझं?”

“माझंच. इथल्या बायका दगडावर नवऱ्याचं लावत नाहीत.”

“आणि मधोमध बदाम?”

“मोठा काढ,” इशबेल म्हणाली, आणि सगळी गल्ली खिडक्यांतून बघत असताना तिने त्याच्या केसांतली भुकटी झटकली.