बादूची दहा बोटं

पाऊस असा एकाएकी आला की कुमासी शहरातल्या सोकोबानच्या लाकूडबाजारात ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं डोक्यावर घेतलं. कुणी गोणपाट घेतलं, कुणी टोपली, आणि एका उंच, अनोळखी पोरानं भिंतीला टेकवलेला प्लायवूडचा एक नागमोडी तुकडा उचलला. तो तुकडा डोक्यावर धरून तो थेट बिरागोच्या शेडमध्ये घुसला.

"वाचलो बुवा," तो म्हणाला.

"छत्री छान आहे," बिरागो म्हणाली. हातातला पॉलिश पेपर तिनं खालीसुद्धा ठेवला नाही.

"हो ना? कुणीतरी टाकून दिली होती बाहेर."

"टाकून नव्हती दिली. माझ्या बापाचा फर्मा आहे तो, टेबलाची कड कोरायचा साचा. चार दिवस कानस मारून कड काढली, कालच वॉर्निश लावलं, अन् आज सुकायला ठेवला होता."

पोरानं तुकडा हळूच खाली घेतला. ज्या कडेवरून यंत्र फिरायचं, तीच कड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी फुगली होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं… तिनं त्याच्याकडे. त्याच्या पापण्यांवरून पाणी गळत होतं, आणि तेवढ्यात तिला एवढंही कळलं की पापण्या लांब आहेत.

"मी दुसरा करून देतो. उद्या सकाळी. आईशप्पथ."

"आई आहे का तरी?"

"आहे म्हणजे? दहा पोरं वाढवलेली बाई आहे. तिची खोटी शपथ घेऊन कुठं जाऊ? मी दहावा… बादू." नावाचाच अर्थ दहावा. "दहावं झालं की नवऱ्यानं बायकोला मेंढा द्यायची रीत. बाकीच्या नऊ जणांनी आईला नुसता ताप दिला. मेंढा मिळाला तो माझ्यामुळे."

"अन् तुझ्यापायी मेंढ्याचा जीव गेला."

तो खळखळून हसला. तिलाही हसू आलं. पत्र्यावर पाऊस तडतडत होता, ओल्या महोगनीचा वास शेडभर दरवळला होता, आणि सगळं कसं छान चाललं होतं. पण तो पुढं बोलला, "मी टेबलांच्या कडा कोरतो. स्वतःचा रूटर आहे माझा."

बिरागोचं हसू तिथंच विरलं.

आता या रूटरचं सांगायला हवं. इंटरनेटचा डबा नव्हे हो, सुताराचं यंत्र. दोन मुठी, मधे मोटर, खाली गरगर फिरणारं पातं. पात्याच्या टोकाला छोटं बेअरिंग असतं. ते फर्म्याच्या कडेला टेकवून यंत्र पुढं सरकवायचं, की फर्म्यात जे वळण असेल तेच लाकडात उतरतं. सगळ्या कुमासीत मास्टर दोंफेसारखी कड कुणाची नसे. मास्टर दोंफे म्हणजे बिरागोचे वडील. दोन वर्षांपूर्वी कड कोरता कोरता लाईट गेली. यंत्र थांबलं. बटण चालूच राहिलं, आणि पात्यात अडकलेला भुसा काढायला मास्टरनी बोटं घातली. तेवढ्यात लाईट आली. लाईट आली की सगळा बाजार ओरडतो, टाळ्या पिटतो, डबे वाजवतो. त्या दिवशी त्या जल्लोषात मास्टरची किंकाळी कुणाला ऐकूसुद्धा आली नाही. ऐकली फक्त बिरागोनं. उजव्या हाताची दोन बोटं भुशात पडली होती. ती तिनंच उचलली.

तेव्हापासून लाईट गेली की तिला काही वाटत नसे. लाईट आली, लोक आनंदानं ओरडले, की मात्र तिची नजर आधी वडिलांच्या हाताकडे जायची.

बादू दुसऱ्या दिवशी फर्मा घेऊन हजर. मास्टर दोंफेंनी डोळे मिटले आणि उरलेली बोटं कडेवरून सावकाश फिरवली. कुठं उंचवटा नाही, कुठं खड्डा नाही.

"हात बरा आहे," मास्टर म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे पुष्कळच. "हेडमिस्ट्रेसबाईंचं गोल टेबल आहे. बारा पाकळ्यांची कड. फर्मा पाव भागाचा, तो चार वेळा फिरवायचा. करशील?"

"पापा, या छपराखाली ते यंत्र नको," बिरागो म्हणाली.

"मग पाकळ्या काय दातांनी कोरू?"

ऑर्डर सोडणं परवडणारं नव्हतं, हे तिलाही कळत होतं. तिनं विजेच्या बोर्डापाशी एक खोकं ओढलं आणि ती म्हणाली, "मग यंत्राची पिन माझ्या हातात राहील. लाईट गेली की सगळ्यात आधी मी पिन उपटणार. त्याच्याआधी कुणी यंत्राला बोट लावायचं नाही."

"यंत्रालाच ना?" बादूनं साळसूदपणे विचारलं.

"जास्त बोललास तर पिन तुझ्या कानात खुपसीन."

तर असं सुरू झालं. तो कोरायचा, ती बोर्डापाशी खोक्यावर बसायची, एक हात पिनेवर. यंत्र किंचाळायला लागलं की तिचे दात आवळले जायचे. फर्म्याला बेअरिंग चिकटवून तो डावीकडून उजवीकडे असा एका लयीत सरकायचा, की तिला भीतीही वाटायची आणि नजरही काढवायची नाही. उलट्या दिशेनं नेलं तर यंत्र उधळतं, हातातून निसटून अंगावर येतं. ते तिला पाठ होतं. म्हणून ती त्याच्या पायांकडे बघायची, पाय बरोबर दिशेनं पडतायत ना…

संध्याकाळी यंत्र बंद झालं की ती म्हणायची, "हात दाखव."

तो तळवे पुढं करायचा. ती एकेक बोट धरून मोजायची. एक… दोन… तीन… पहिल्या दिवशी खरंच मोजणं होतं. चौथ्या दिवसापासून तो मधेच म्हणू लागला, "चुकलीस. सहाव्यानंतर आठ म्हणालीस. पुन्हा मोज."

"मी बरोबर मोजलं."

"हिशेबाला कच्ची आहेस. पुन्हा मोज, मला घाई नाही."

ती पुन्हा मोजायची. दहा भरायची. तिचा जीव भांड्यात पडायचा, आणि घरी जाताना तिच्या मनात यायचं… उद्या पुन्हा तेच, उद्या नऊच भरली तर? ज्या माणसाची बोटं रोज मोजावी लागतात, त्याच्यावर जीव कशाला लावायचा, बिरागो? असं ती स्वतःलाच रागावून विचारायची. पण जीव लागला होता. आता विचारून उपयोग काय?

तिसरा पाव भाग कोरत असताना भर दुपारी लाईट गेली. यंत्र कण्हत कण्हत थांबलं. बाजार चिडीचूप झाला. बादूनं घाम पुसला. बिरागो पिन उपटणार तोच, पात्यावर साठलेला चीक बोटानं खरवडत, तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "बिरागो… एक विचारू?"

"विचार."

"माझ्या मामाला तुमच्या दारावर ठोठावायला पाठवलं तर… दार उघडाल का?"

आमच्यात मुलीला मागणी घालतात ती अशी. मामा, काका, थोरली माणसं दारूच्या बाटल्या घेऊन येतात, दार ठोठावतात. बिरागोला ते ऐकून काय झालं सांगू? तिचे कान तापले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ती भीती विसरली. आणि पिनही.

"दार उघडू की… खिडकी, ते बघू," ती म्हणाली.

"खिडकीतनं आलो तर तुझे पापा कानसेनं—"

तेवढ्यात खालच्या गल्लीतून ओरडा उठला. तिकडच्या लायनीत लाईट आधी येते. टाळ्या, शिट्ट्या, डबे… आणि तो आवाज गल्ली चढून त्यांच्या दिशेनं येत होता. बिरागोनं पाहिलं. बादूची दोन बोटं पात्यावर. रूटरचं बटण चालू. पिन बोर्डात.

ती खोक्यावरून अक्षरशः झेपावली. पिन निघाली, हात भिंतीवर आपटला, आणि पुढच्याच श्वासाला डोक्यावरचा दिवा लागला.

बादूनं बटणाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला. "मी कधीच विसरत नाही," तो पुटपुटला. "आजच… तुला कसं विचारायचं त्या नादात."

"आणि मी ऐकायच्या नादात," ती म्हणाली. मग तिला रडू कोसळलं. रडता रडता तिनं त्याच्या छातीवर बुक्क्या मारल्या आणि त्याच रडण्यात त्याची बोटं मोजली. सातापाशी दोनदा अडखळली.

"शपथ घे," ती म्हणाली. "मी पिनेशी नसताना यंत्र लावायचं नाही."

त्यानं आईची शपथ घेतली.

ठोठावण्याचा दिवस शनिवार ठरला. आणि त्याच दिवशी हेडमिस्ट्रेसबाईंची गाडी टेबल न्यायला येणार, असा शुक्रवारी निरोप आला. चौथा पाव भाग तसाच बाकी. शनिवारी मुलीनं घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, आत्यानं पहाटेपासून तिला न्हाऊमाखू घालून बसवलेलं. मास्टरांना पाहुण्यांची उठबस. मग शेडमध्ये कोण राहिलं? फक्त बादू.

घर बाजाराच्या पाठीमागंच. सकाळी सातला तिला तो आवाज आला. तिनं तो लगेच ओळखला. आत्या केस विंचरत होती. "मान हलवू नकोस गं," आत्या म्हणाली.

"आत्या, त्यानं यंत्र लावलंय. पिनेशी कुणी नाही."

"पिनेचं मेलं काय आज? लग्नाचं बघ."

थोड्या वेळानं आवाज कण्हत थांबला. लाईट गेली. बिरागो मनात मोजू लागली… आता तो बटण बंद करील, आता पिन काढील, आता… आणि बराच वेळ गेल्यावर बाजारातून जल्लोष आला. लाईट आली.

यंत्र मात्र पुन्हा सुरू झालं नाही.

ती वाट बघत राहिली. काम अर्धवट होतं, लाईट आली होती, मग यंत्र का सुरू होत नाही? ती उठून दाराकडे गेली, आत्यानं तिला दंडाला धरून परत बसवलं. "आज बाहेर गेलीस तर लोक तोंडात शेण घालतील." बिरागोला लोकांचं काही पडलं नव्हतं. तिला भुशात पडलेली बोटं दिसत होती.

दहा वाजता दारावर "आगो!" अशी आत येण्याची परवानगी मागणारी हाक आली. बादूचा मामा, दोन काका, त्यांच्या मागं बादू. अंगावर निळं जाड वस्त्र, एका खांद्यावरून घेतलेलं. चेहरा उतरलेला. आणि दोन्ही हात वस्त्राच्या घडीत आत.

मामा बोलत होते, मास्टर बोलत होते, बागेतलं एक सुंदर फूल तोडायला आलो वगैरे ठरलेलं बोलणं चाललं होतं. तिला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. ती त्या निळ्या घडीकडे बघत होती. तिच्यावर लाल डाग आहे का? नाही… की आहे?

मास्टरांनी तिला रीतीप्रमाणं विचारलं, "बिरागो, ही बाटली घ्यायची का? एकदा घेतली तर परत देता येणार नाही."

तिची नजर त्या घडीवरून हलली नाही.

"बिरागो, दुसऱ्यांदा विचारतो. घ्यायची का?"

काका एकमेकांकडे बघू लागले. बादूच्या कपाळावर घाम डवरला.

"तिसऱ्यांदा विचारतो, पोरी."

ती उठली आणि सगळ्या थोरामोठ्यांच्या मधून सरळ बादूपुढं जाऊन उभी राहिली. आत्यानं तोंडावर हात ठेवला.

"हात दाखव."

"बिरागो… आत्ता?"

"हात दाखव, बादू."

त्यानं हळूहळू हात बाहेर काढले. दोन्ही हात लटलट कापत होते. यंत्र धरताना कधी न कापलेले हात. तळव्यांना फोड आले होते, नखांत महोगनीचा लाल भुसा. तिनं पहिलं बोट धरलं. एक… दोन… आज तिनं घाई केली नाही. नऊ… दहा.

"यंत्र पुन्हा लावलं का नाहीस?" तिच्या आवाजात अजून भीती होती.

"शपथ मोडून लावलं, तेच चुकलं. लाईट गेली, वळून बघितलं तर पिनेशी कुणी नव्हतं…" तो म्हणाला. "मग पिन मीच काढली अन् कानस घेतली. उरलेली पाकळी हातानं घासली. टेबल गेलं."

"मग हात का लपवलेस?"

"कापतायत म्हणून. तू नाही म्हणशील या भीतीनं."

मास्टर दोंफेंनी मान खाली घातली आणि आपल्या तीन बोटांच्या हातानं डोळे पुसले.

बिरागोनं बादूचे हात सोडले नाहीत. तसेच धरून ती वडिलांकडे वळली.

"पापा," ती म्हणाली, "बाटली घ्या."